ऊन पाणी आणि माझा गुडघा



आमच्या कोकणात गरम पाण्याला गरम पाणी म्हणत नाहीत, ऊन पाणी म्हणतात. अम्मी पहाटे चुलीवरचा हंडा उतरवायची आणि हाक मारायची, "ऊन पाणी काढलंय, उठ." आकाशातलं ऊन आणि हंड्यातलं ऊन, शब्द एकच. म्हणूनच जिथे हंडा नाही, चूल नाही, तरी जमिनीतून आपोआप ऊन पाणी वर येतं, त्या गावांची नावंही तशीच पडली. दापोली तालुक्यात उन्हवरे, राजापूरजवळ उन्हाळे, तिकडे खानदेशात उनपदेव. कोण्या शास्त्रज्ञानं ही नावं ठेवली नाहीत. ज्यांनी त्या पाण्यात पाय घातला त्यांनीच ठेवली.

आज या ऊन पाण्याबद्दल बोलायचं आहे. पण मी यात्रेकरू म्हणून बोलणार नाही आणि वैद्य तर मी नव्हेच. मी बोलणार आहे एक जुना कबड्डीपटू म्हणून. तुमच्यापैकी कोणी मला ओळखत असेल तर ते कवितांमुळे. पण बी.ए.च्या वर्गात असताना माझ्या कविता मलाच ठाऊक होत्या. कॉलेजात माझं नाव होतं ते चढाईसाठी. मातीचं मैदान, अनवाणी पाय, अंगावर कॉलेजचा एकच बनियन, तोही सामना संपला की धुऊन परत द्यायचा.

दुसऱ्या वर्षाला असताना जिल्ह्याच्या एका सामन्यात मी चढाईला गेलो. कोपरारक्षकानं घोटा धरला. मी उलट फिरून रेषेकडे झेप घेतली. शरीर फिरलं, पाऊल मात्र त्याच्या हातातच राहिलं. गुडघ्यातून 'टक्' असा आवाज आला. ओली काटकी मोडावी तसा. प्रेक्षकांना तो ऐकू गेला नसेल, पण मला तो आजही ऐकू येतो.

रात्रीपर्यंत गुडघा सुजला. शेजारपाजारचे जमले. कोणी हळद-मिठाचा लेप सांगितला, कोणी विटेचा शेक. आमचे मामू म्हणाले, "काही नको. सकाळच्या एस.टी.नं उन्हवऱ्याला नेतो याला. दोन बुडक्यांत उभा राहील." मामूंचा स्वतःचा कंबरदुखीचा आजार त्या पाण्यानं हलका झाला होता, त्यामुळे त्यांचा शब्द घरात प्रमाण होता.

दुसऱ्या दिवशी मामूंच्या खांद्यावर भार टाकून मी कुंडाच्या पायऱ्या उतरलो. उकडलेल्या अंड्यासारखा गंधकाचा वास, पाण्यावर तरंगणारी वाफ, आणि कडेला छातीपर्यंत पाण्यात बसलेली पाच-सहा म्हातारी माणसं. पहिल्यांदा पाय भाजल्यासारखा झाला. मग हळूहळू दुखणं सुटत गेलं. चिखलातून पाय सुटावा तसं. अर्ध्या तासानं मी मामूंना म्हणालो, "मामू, राहिलं." ते हसले. आम्ही अजून अर्धा तास बसलो.

त्या रात्री गुडघ्याचा भोपळा झाला. पाय लांब करता येईना, आखडता येईना. अम्मी रात्रभर उशाशी बसली होती. मामू दारात उभे राहून एकच वाक्य म्हणत होते, "पण पाण्यात तर बरं वाटलं होतं ना याला?"

श्रोतेहो, आजच्या माझ्या बोलण्याचा सगळा मुद्दा मामूंच्या या एका प्रश्नात आहे. पाण्यात बरं वाटलं होतं, हे खरं होतं. आणि गुडघा बरा झाला नव्हता, हेही खरं होतं. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे समजायला मला बरीच वर्षं लागली.

आधी हे पाणी येतं कुठून ते पाहू. लहानपणी आम्हाला वाटायचं की खाली कुठेतरी ज्वालामुखी धुमसतो आहे. तसं काही नाही. सह्याद्रीचा काळा कातळ लाव्ह्याचाच, पण तो लाव्हा थंड होऊन साडेसहा कोटी वर्षं उलटली. आताची उष्णता आहे ती पृथ्वीच्या पोटातली, सगळीकडे असते तशी. जमिनीत एक किलोमीटर खाली गेलं की तापमान साधारण 25 ते 30 अंशांनी वाढतं. पावसाचं पाणी कातळाच्या भेगांतून खोल मुरतं, तिथे तापतं, आणि एखादी मोठी भेग सापडली की पुन्हा वर येतं. कोकणात अशा भेगा किनाऱ्याला समांतर आहेत. म्हणून तानसा नदीच्या काठचं वज्रेश्वरी, अकलोली, गणेशपुरी, महाडजवळचं सव, दापोलीचं उन्हवरे, संगमेश्वर तालुक्यातलं आरवली, तुरळ आणि राजवाडी, अगदी राजापूरपर्यंत हे झरे एका रांगेत मांडल्यासारखे दिसतात. काही झऱ्यांचं उगमाशी तापमान 60-70 अंशांपर्यंत जातं. वर येताना हे पाणी वाटेतल्या खडकांतून क्षार घेऊन येतं. सोडियम, कॅल्शियम, क्लोराइड, सल्फेट. आणि तो अंड्याचा वास हायड्रोजन सल्फाइड वायूचा.

मग या पाण्यात बसलं की दुखणं कमी का होतं? पहिलं कारण अर्थातच उष्णता. उष्णतेनं कातडीतल्या आणि स्नायूंतल्या रक्तवाहिन्या रुंदावतात, रक्त जास्त वाहतं, आवळलेले स्नायू सैल पडतात. शिवाय उष्णतेची जाणीव आणि वेदनेची जाणीव मेंदूपर्यंत जाताना एकमेकींच्या आड येतात. म्हणून शेक घेताना दुखणं मागे सरतं.

दुसरं कारण आपण विसरतो. पाणी आपल्याला उचलतं. कमरेपर्यंत पाण्यात उभं राहिलं तर पायांवरचा भार निम्म्यावर येतो. गळ्यापर्यंत उभं राहिलं तर जेमतेम दहावा हिस्सा उरतो. सत्तर किलोच्या गड्याचा गुडघा पाण्यात सात किलोचं ओझं वाहतो. जो पाय जमिनीवर टेकवता येत नाही तो पाण्यात हलवता येतो. खेळाडूंचे फिजिओथेरपिस्ट दुखापतीनंतर पाण्यात चालायला लावतात ते यासाठीच.

तिसरं कारण दाबाचं. पाणी चहूबाजूंनी अंग दाबतं आणि खोलीबरोबर हा दाब वाढतो. त्यामुळे पायांत साठलेलं पाणी आणि रक्त हृदयाकडे परतायला मदत होते.

आणि चौथी गोष्ट, क्षार. त्यांच्याबद्दल सगळ्यात जास्त बोललं जातं आणि पुरावा मात्र सगळ्यात कमी आहे. आपली कातडी पाणी आत न येऊ देण्यासाठीच घडलेली आहे. विसेक मिनिटांत तिच्यातून फार काही आत जात नाही. जुनाट सांधेदुखी आणि कंबरदुखीच्या रुग्णांवर युरोपात, विशेषतः हंगेरीत, खनिज पाण्याचे बरेच अभ्यास झाले आहेत आणि त्यांत काही रुग्णांना काही महिने आराम पडल्याचं दिसलं आहे. पण तो आराम क्षारांचा किती, उष्णतेचा किती आणि घरची कटकट सोडून रोज पाण्यात शांत बसण्याचा किती, हे वेगळं काढणं अवघड आहे. मामूंची कंबर याच जातीची होती. जुनी, आखडलेली, सूज नसलेली. तिला ऊन पाणी मानवलं यात नवल नाही.

माझा गुडघा मात्र आदल्या संध्याकाळी फाटलेला होता. आत रक्त झिरपत होतं. अशा वेळी उष्णता देणं म्हणजे आगीला वारा घालणं. नव्या दुखापतीला पहिले दोन-तीन दिवस शेक नको, ऊन पाणी नको, चोळणं नको. विश्रांती, हलकी पट्टी, पाय उंच ठेवणं आणि कपड्यात गुंडाळलेला बर्फ थोडा थोडा वेळ, एवढंच. आज शाळेतल्या क्रीडाशिक्षकालाही हे ठाऊक असतं. तेव्हा आमच्या गावात कोणाला ठाऊक नव्हतं. मामूंचा यात दोष नाही. त्यांनी आपलं औषध मायेनं मला दिलं. दुखणं मात्र वेगळं होतं.

गोष्ट इथेच संपली असती तर बरं झालं असतं. पंधरा दिवसांनी सूज उतरली. मग मी पुन्हा उन्हवऱ्याला गेलो आणि आठ दिवस तिथल्या एका नातेवाइकाकडे राहिलो. या वेळी पाण्यानं खरंच काम केलं. आखडलेला गुडघा मोकळा झाला. रोज पाण्यात उभं राहून मी पाय पुढे-मागे करायचो. सकाळच्या कुंडात शेतकरी यायचे, लावणीनं कंबर धरलेले. खाडीतले मच्छीमार यायचे. एक जुने पैलवान यायचे, ज्यांचे कान कुस्तीनं चुरगळलेले होते. हिंदू-मुसलमान सगळे एकाच पाण्यात गळ्यापर्यंत. वर फक्त डोकी दिसायची, आणि डोकी तेवढी सारखी. माझी पहिली बरी कविता मला तिथे सुचली. ती आज वाचणार नाही, काळजी करू नका.

त्या पैलवानांनी मला एकदा विचारलं, "पोरा, दुखणं गेलं, पण ताकद आली का?" मी म्हणालो, "आली." खरं तर मी तपासलंच नव्हतं. दुखत नाही म्हणजे बरा झालो, असा माझा सरळ हिशेब होता. आमच्या प्रशिक्षकांचाही तोच होता. त्यांना संघ उभा करायचा होता. महिनाभरानं मी मैदानात उतरलो. तिसऱ्या चढाईला कोणी हातही लावला नव्हता, नुसता वळलो, आणि गुडघा खालून निसटला. त्या दिवसानंतर मी कबड्डी खेळलो नाही. पुढे मुंबईला नोकरीला लागल्यावर एका डॉक्टरांनी सांगितलं की गुडघ्याच्या आत दोन हाडांना बांधून ठेवणारा दोर, अस्थिबंध, पहिल्याच दिवशी तुटलेला असणार. तो कुठल्याही पाण्यानं जुळत नाही. स्नायूंना व्यायामानं तयार करावं लागतं, नाहीतर शस्त्रक्रिया करावी लागते. जिने उतरताना आजही मी उजवा हात कठड्यावर ठेवतो.

आता दुसऱ्या प्रकारच्या दुखण्याबद्दल बोलू. त्यात दुखापत नसते, फक्त थकवा असतो. सुट्टीनंतर पहिल्यांदा जोर-बैठका काढल्या की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मांड्या भरून येतात. आम्हाला सांगायचे, अंगात आम्ल साठलंय, ऊन पाण्यानं ते निघून जाईल. पण ते लॅक्टिक आम्ल म्हणतात ते व्यायामानंतर तास-दोन तासांत रक्तातून आपोआप कमी होतं. दोन दिवसांनी दुखतं ते स्नायूंच्या धाग्यांना पडलेल्या अतिसूक्ष्म चिरांमुळे आणि त्या दुरुस्त करण्याच्या शरीराच्या धडपडीमुळे. ते दुखणं 24 ते 72 तासांत शिगेला पोचतं आणि मग ओसरतं. ऊन पाण्यानं ते सुसह्य होतं. पण दुरुस्ती शरीरच करतं, आपल्या गतीनं.

हल्ली मोठे खेळाडू उलट बर्फाच्या टबात बसलेले दिसतात. मुलांना वाटतं, तेच खरं शास्त्र. त्याचीही बाजू समजून घेऊ. 2012 साली 17 छोट्या प्रयोगांचा एकत्र आढावा निघाला. व्यायामानंतर थंड पाण्यात बसलं तर नुसत्या विश्रांतीपेक्षा स्नायू कमी दुखतात, असं त्यात दिसलं. पण 2015 साली ऑस्ट्रेलियातल्या एका प्रयोगात 12 आठवडे ताकदीचा व्यायाम करणाऱ्यांची तुलना झाली. दर वेळी व्यायामानंतर थंड पाण्यात बसणाऱ्यांचे स्नायू इतरांपेक्षा कमी वाढले. म्हणजे उद्या पुन्हा सामना असेल तर थंड पाणी उपयोगी, पण ताकद कमवायच्या दिवसांत रोज बर्फात बसणं तोट्याचं. थंड काय, ऊन काय, वेळ कोणती ते आधी पाहावं लागतं.

ऊन पाण्याचा खेळाडूला सगळ्यात खात्रीचा फायदा कोणता, असं मला विचाराल तर मी झोप म्हणेन. झोपण्याआधी तास-दोन तास ऊन पाण्यानं अंघोळ केली की हातापायांकडे रक्त धावतं, नंतर अंग निवत जातं, आणि अंग निवताना झोप लवकर लागते. झोपेतच स्नायूंची खरी डागडुजी होते. त्यासाठी उन्हवऱ्याला किंवा वज्रेश्वरीला जायची गरज नाही. घरचा बंब पुरे.

आणि कुंडावर जायचंच असेल तर काही गोष्टी सांगतो. उगमापाशी उतरू नका, आधी हातानं पाणी पाहा. अंग बुडवायला 36 ते 40 अंश पुरेसं असतं, म्हणजे अंगाला सुखद ऊन, चटका नव्हे. दहा-पंधरा मिनिटं झाली की बाहेर या, सावकाश उठा. कारण रक्तदाब उतरलेला असतो आणि एकदम उठलं की डोळ्यांपुढे अंधारी येते. आधी आणि नंतर पाणी प्या. जखम उघडी असेल, ताप असेल, हृदयाचा आजार असेल, बाई गरोदर असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय उतरू नये. आणि डोकं बुडवून डुबकी मारू नका. ऊन गोड्या पाण्यात एक अमिबा क्वचित असतो, तो नाकावाटे मेंदूत गेला तर जीव वाचणं कठीण. केरळात 2024 आणि 2025 साली अशा घटना घडल्या. पाणी पोटात गेलं तर त्या अमिबाची भीती नाही, नाकात जाऊ देऊ नये.

गेल्या हिवाळ्यात माझ्या भाचीचा फोन आला. ती कॉलेजच्या कबड्डी संघात आहे. आता त्या पोरी मॅटवर खेळतात, बूट घालून. "मामू," ती म्हणाली, "घोटा मुरगळलाय. शनिवारी सामना आहे. अम्मी म्हणते उन्हवऱ्याला ने. जाऊ का?" क्षणभर मला वाटलं, फोनच्या पलीकडे मीच आहे आणि अलीकडे माझे मामू.

मी विचारलं, "कधी मुरगळला?"

"काल."

"मग नाही जायचं. पाय उंच ठेव. मी येतो."

घोट्याचा फोटो काढून घेतला, हाड मोडलेलं नव्हतं. फिजिओथेरपिस्ट बाईंनी तीन आठवडे सांगितले. भाची दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. शनिवारचा सामना तिचा संघ हरला आणि ती बाकावर बसून रडली. त्याचा दोष अजून ती मला देते. तो मला मान्य आहे.

तिसऱ्या आठवड्यात मी तिला आणि माझ्या बहिणीला घेऊन उन्हवऱ्याला गेलो. त्या दोघी बायकांच्या कुंडावर गेल्या, मी पुरुषांच्या. तोच वास, तीच वाफ. कडेला बसलेल्या म्हाताऱ्यांत आता मीही शोभत होतो. शेजारच्या एका शेतकऱ्यानं विचारलं, "गुडघा का?" मी म्हटलं, "गुडघा." त्यानं मान हलवली आणि आम्ही दोघं गप्प बसलो.

बाहेर आल्यावर भाची ओले केस पुसत म्हणाली, "मामू, काहीच दुखत नाही आता. पुढच्या शनिवारी खेळू ना?"

मी तिला कुंडाबाहेरच्या कोरड्या फरशीवर उभं केलं. म्हटलं, "दुखऱ्या पायावर एकटीनं उभी राहा. डोळे मीट. मी तीस मोजतो."

ती उभी राहिली. मी मोजायला लागलो. अकराला घोटा थरथरला, चौदाला तिनं दुसरा पाय टेकला. डोळे उघडून तिनं माझ्याकडे पाहिलं. मी काही बोललो नाही.

"तीस होईपर्यंत नाही," तीच म्हणाली.

परतीच्या वाटेवर एस.टी. थांब्यावर गाडीला उशीर होता. बहीण बाकावर बसून शेंगा सोलत होती, आणि भाची खांबाशेजारी एका पायावर उभी राहून, डोळे मिटून, स्वतःशीच आकडे मोजत होती.

(रेडिओवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)